भाजल्यामुळे मुलीची नाकपुडी आकसली आहे: ऑपरेशन आत्ता करावं की अठराव्या वर्षी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगी पाच वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत तिने तापलेल्या तेलाची कढई ओढली आणि चेहऱ्याची उजवी बाजू भाजली. गाल बराच सावरला, डोळा पूर्ण मिटतो, पण उजवी नाकपुडी महिन्यामहिन्याला आकसत गेली आणि आता ज्वारीच्या दाण्याएवढं भोक उरलं आहे. एक डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करू, दुसरे म्हणाले अठरा वर्षांची होईपर्यंत हात लावू नका, तिसरे म्हणाले नुसती नळी घालून रुंद करा. यांतलं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. पहिले श्वासाच्या वाटेबद्दल, दुसरे नाकाच्या आकाराबद्दल आणि तिसरे वण अजून कोवळा असतानाच्या उपायाबद्दल. मी बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरी करते आहे आणि भाजलेल्या मुलांचं काम त्यात बरंच आहे. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिचं नेमकं काय करायचं हे तिला समोर बसवून बघणाराच ठरवील. पण आम्ही विचार कसा करतो ते सांगते.

कान टोचल्यावर काय होतं ते आठवा. तार किंवा काडी काढून ठेवली आणि महिनाभर विसरलो की भोक बुजतं. शरीराला जखमेचं भोक उघडं ठेवायला आवडत नाही, ते कडेकडेने ओढून बंद करतं. नाकपुडीत तेच होतं, फक्त जास्त जोराने. भाजल्यावर आतली कातडी गेली की उघड्या पडलेल्या गोल कडेवर वण तयार होतो आणि गोल वण नाडीसारखा आवळत जातो. सरळ रेषेतला वण आकसला तर लांबी कमी होते, पण गोल वण आकसला की सगळ्या बाजूंनी वाट लहान होते. व्यास निम्मा झाला तर उघडी जागा चौथाईच उरते. म्हणून आईला वाटतं की नाकपुडी अचानक बंद झाली, खरं तर ती हळूहळूच बंद होत आलेली असते.

आता ऑपरेशनने आम्ही काय करतो? ती आवळलेली कड कापतो, म्हणजे पुन्हा एक गोल जखमच करतो. तिला नवी कातडी दिली नाही आणि ती बरी होईपर्यंत आतून आधार दिला नाही, तर ती पहिल्यासारखीच आवळेल. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे: ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, पण नाकपुडी उघडी राहील की नाही हे त्यानंतरचे सहा महिने ठरवतात. ऑपरेशन कधी करायचं हा प्रश्नही तिथूनच सुटतो.

सगळ्यात आधी अडथळा खरंच नाकपुडीतच आहे ना, ते बघायला हवं. पाच वर्षांच्या मुलांत तोंडाने श्वास घेण्याचं फार नेहमीचं कारण म्हणजे नाकामागची ॲडेनॉइडची गाठ. ती वाढलेली असेल तर नाकपुडी कितीही सुरेख उघडली तरी मूल रात्री घोरतच राहील, आणि आई म्हणेल की ऑपरेशन फसलं. घरी एक साधी गोष्ट करून बघा. स्टीलचा चमचा थंड पाण्यातून काढून कोरडा करा आणि तोंड मिटलेलं असताना नाकाखाली आडवा धरा. श्वासाबरोबर त्यावर वाफेचे दोन डाग उमटतील. डावा मोठा आणि उजवा पुसट आला तर अडचण उजवीकडे आहे. दोन्ही पुसट असतील, किंवा डावी नाकपुडी चांगली उघडी असूनही मुलगी तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर मागची बाजू तपासायला हवी. यावरून निदान होत नाही, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना सांगायला उपयोगी पडतं. दुर्बिणीतून ते ॲडेनॉइड, नाकाचा पडदा आणि वण आत किती खोल गेला आहे हे तिन्ही बघतील. तेलाने किंवा ज्वाळेने भाजलेल्या नाकात नुकसान बहुधा सुरुवातीच्या एक-दीड सेंटिमीटरपुरतंच असतं. त्यामागचं नाक निरोगी असतं, आणि ही मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी गोष्ट वणाचं वय. कोवळा वण लाल, टणक आणि खाजणारा असतो. बोटाने दाबला की पांढरा होतो आणि सोडताच झटकन लाल होतो. अशा वणावर सुरी चालवली तर तो चवताळतो. पिकलेला वण फिका, मऊ आणि शांत असतो. मोठ्या माणसात याला साधारण वर्ष लागतं, मुलांत वण जास्त काळ तापलेला राहतो. म्हणून श्वास अगदीच अडकत नसेल तर मी निदान वर्षभर थांबते, आणि त्या काळात सिलिकॉन जेल, मालिश आणि नळी यांवर भर देते. तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला या टप्प्यासाठी अगदी योग्य होता. दोन वर्षांपूर्वी, जखम भरत असतानाच, योग्य मापाची नळी घातली असती तर कदाचित इतकं आकसलं नसतं. हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही ताई, त्या वेळी जीव आणि डोळा सांभाळायचा होता. पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात आत्ता भाजलेलं मूल असेल, तर त्यांनी जखम भरायच्या आतच डॉक्टरांना नाकपुडीबद्दल विचारावं. पक्का झालेला वण नुसत्या नळीने रुंद करायला गेलं तर मुलाला दुखतं, कड फाटते, रक्त येतं आणि फाटलेल्या जागी आणखी वण होतो. दोन वर्षांनंतर ज्वारीएवढं भोक नळीने उघडेल असं मला वाटत नाही.

आणि अठरा वर्षांपर्यंत थांबण्याचं काय? नाकाचा आकार, म्हणजे शेंडा, दोन्ही बाजूंचा सारखेपणा आणि कूर्चेचं, म्हणजे नाकाकानातल्या लवचिक मऊ हाडाचं, काम, हे वाढ पूर्ण झाल्यावरच करावं. मुलींमध्ये ते साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांमध्ये सतरा-अठराव्या. नाकाच्या पडद्याची कूर्चा चेहऱ्याच्या वाढीत भाग घेते, लहानपणी तिला धक्का लावला तर मधला चेहरा खुंटू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात हेच असावं. पण नाकपुडीची कड सोडवण्यासाठी त्या पडद्याला हात लावावा लागत नाही. उलट वण मुलीबरोबर वाढत नाही. चेहरा वाढेल, डावी नाकपुडी वाढेल, उजवी तेवढीच राहील आणि नाकाचा शेंडा आपल्याकडे ओढत राहील. श्वास, झोप, तोंड कोरडं पडणं, दातांची ठेवण आणि शाळेतली पोरं काय बोलतात, या सगळ्याची दहा-अकरा वर्षं वाट बघायची? तुम्ही लिहिलं आहे तसंच सगळं असेल, म्हणजे वण शांत असेल आणि डोळ्याची व ओठाची काही अडचण नसेल, तर मी आता वाट उघडते आणि आकाराचं काम पुढे ठेवते. भाजलेल्या चेहऱ्यात पहिला मान पापणीचा, मग तोंडाचा, मग नाकाचा. पापणी मिटत नसेल तर बुबुळाला धोका असतो.

ऑपरेशन कोणतं, हे कातडी किती कमी पडते यावर ठरतं. कधी नाकपुडीच्या तोंडाशी पातळ पडदा आलेला असतो आणि आजूबाजूची कातडी चांगली असते. तेव्हा झेड-प्लास्टी पुरते. झेड अक्षरासारखी चीर देऊन कातडीचे दोन त्रिकोण सुटे करायचे आणि त्यांची जागा अदलाबदल करायची. साठ अंशांचे त्रिकोण घेतले तर त्या दिशेने लांबी हिशेबाने पाऊणपट वाढते, आणि गोल वण एका ठिकाणी तुटतो. हा तुटलेला गोल फार महत्त्वाचा, कारण सलग गोल राहिला की तो पुन्हा आवळतो. बाहेरून कातडी नको, दुसरी जखम नको, मुलंही पटकन सावरतात.

तुमच्या मुलीसारख्या तेलाने खोल भाजलेल्या नाकात बहुतेकदा एवढ्याने भागत नाही, कारण कातडीच उरलेली नसते. अंगात कपडा आखूड पडला तर उसवून पुन्हा शिवून उपयोग नाही, तुकडा जोडावा लागतो. तो तुकडा कानामागून घेतलेल्या पूर्ण जाडीच्या कातडीचा असू शकतो, गाल निरोगी असेल तर गालाच्या घडीतून वळवलेला असू शकतो, किंवा कानाचा. मुलांमध्ये मला कानाचा आवडतो. कानाची वरची कड जिथे गालाला येऊन मिळते, तिथे दोन्ही बाजूंना कातडी आणि मधे पातळ कूर्चा अशी रचना असते, अगदी नाकपुडीच्या कडेसारखी वाकलेली. त्या कूर्चेमुळे तुकडा सहजासहजी आकसत नाही. कानावरचा वण त्या वळणात लपून जातो.

अट एवढीच की तुकडा लहान हवा. त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते. पहिले दोन-तीन दिवस तो कडेच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग नव्या रक्तवाहिन्या जुळतात. त्याचा कुठलाही भाग रक्ताच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा, म्हणून रुंदी सेंटिमीटरभरच. आणि तो ज्या जागी बसवायचा ती जागा दाट, रक्तहीन वणाची असेल तर तुकडा जगत नाही. तिथे मी कानाचा हट्ट धरत नाही.

या तुकड्याच्या रंगाबद्दल आधीच सांगून ठेवते. बसवल्यावर तो पांढराफटक दिसतो. दुसऱ्या दिवशी निळा-जांभळा होतो, पिकल्या जांभळासारखा. आठवडाभरात कडेकडेने गुलाबी होत जातो. त्या निळ्या दिवशी मला हमखास आईचा फोन येतो, आवाज कापत असतो, की डॉक्टर, काळं पडलं, गेलं का? बहुतेक वेळा गेलेलं नसतं. पुढे वरचं साल काळी खपली धरून निघतं आणि खाली जिवंत गुलाबी थर असतो. ती खपली आपणहून पडू द्यायची, नखाने काढायची नाही. घाण वास, पू किंवा ताप असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

आता नळीकडे येते. आम्ही तिला स्टेंट म्हणतो. दोन्ही नाकपुड्यांत बसणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या दोन आखूड नळ्या आणि त्यांना जोडणारा पूल, अशी ती असते. काही ठिकाणी दंतवैद्य नाकाचं माप घेऊन ॲक्रिलिकची बनवून देतात. ही कल्पना काही नवी नाही. सुश्रुतसंहितेत नाक घडवल्यावर दोन नळ्या घालून ते बसवायला सांगितलं आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं आणि पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून ते परत घडवलं. त्यातही नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे आत घातल्याचं वर्णन आहे. आपल्याच मातीतल्या त्या कारागिराला कळलं होतं की नाक बनवणं आणि ते उघडं ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

माझ्याकडे पद्धत अशी: पहिले तीन महिने नळी दिवसरात्र, फक्त धुण्यापुरती काढायची. पुढचे तीन महिने रात्री आणि शाळेतून आल्यावर. वण तरीही टणक वाटला तर वर्षभर रात्रीची. दिवसातून दोनदा काढून कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायची, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालून सुकलेला शेंबूड मऊ करायचा आणि ओलसर करून परत बसवायची. बसवल्यावर नाकपुडीची कड दोन-तीन मिनिटांनंतरही पांढरी दिसत राहिली तर नळी मोठी आहे. ती रेटू नका, दाबाने तीच कड मरेल. आणि एकेरी, सुटी नळी मुलाच्या नाकात कधीही घालू नका, झोपेत ती मागे जाऊन श्वासनलिकेत उतरू शकते. मधला पूल त्यासाठीच असतो. इंटरनेटवर बघून सलाइनच्या नळीचा तुकडा कापून घालणारे पालक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका.

एकाच मापाच्या दोन नळ्या पहिल्या दिवसापासून घरात हव्यात. हरवतातच. गादीत, शाळेच्या दप्तरात, एकदा तर गोठ्यात. दोन-तीन दिवस नळी नाही असं पहिल्या महिन्यात झालं तर पुढे तीच नळी आत जात नाही, इतक्या लवकर ते आवळतं.

हे मी कसं शिकले ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी बीडकडचा चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे होता, चुलीत पडून भाजलेला. सप्टेंबरमध्ये ऑपरेशन केलं, कानाचा तुकडा सुंदर लागला, मी खूश होते. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले, मुलगा बरोबर. फडावर पहाटे तीनला उठणाऱ्या आईने दिवसातून दोनदा नळी उकळलेल्या पाण्याने कुठे धुवायची? नळी हरवली, दुसरी दिलेली नव्हती, फोन करायला नंबर नव्हता. मार्चमध्ये ते परत आले तेव्हा नाकपुडी पहिल्याइतकीच झाली होती. चूक त्या आईची नव्हती. तारीख देताना मी हंगाम विचारला नव्हता. तेव्हापासून आधी विचारते की पुढचे सहा महिने मूल कुठे असेल, कुणाजवळ असेल, तिथे पाणी आणि फोन आहे का. दुसरं ऑपरेशन आम्ही एप्रिलमध्ये केलं, आजीला नळी लावायला शिकवलं, आणि त्या वर्षी मुलगा आजीजवळ गावी राहिला. ती नाकपुडी उघडी राहिली.

म्हणून तुमच्या मुलीसाठी मी तारीख ठरवण्याआधी दुसरंच काहीतरी करेन. लहान, सैल मापाची नळी डाव्या निरोगी नाकपुडीत पंधरा दिवस रोज थोडा वेळ घालून बघा, अर्थात तुमच्या डॉक्टरांनी दिलेली, पूल असलेली. पाच वर्षांचं मूल समजावलं तर समजतं. बाहुलीच्या नाकाला चिकटपट्टी लावून खेळलं, बाईंना शाळेत आधीच सांगितलं, की बहुतेक मुलं सवय करून घेतात. अजिबात सहन करत नसेल तर मी सहा-आठ महिने थांबते, श्वासाची निकड नसेल तर. नळी न घालणाऱ्या मुलावर ऑपरेशन करून मी त्याची चांगली कातडी आणि कानाचा तुकडा वाया घालवत नाही. कानाचे तुकडे काही हवे तितके नसतात.

पुन्हा आकसण्याची शक्यता सगळं नीट करूनही राहते. पहिल्या भेटीतच मी सांगते की दुसरं लहान ऑपरेशन लागू शकतं आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी आकाराचं वेगळं लागेल. कुणी एकाच ऑपरेशनची हमी दिली तर त्यांना नळीबद्दल काय करणार ते विचारा. असं काम त्यांनी मुलांमध्ये किती वेळा केलं आहे, कातडी कुठून घेणार, नळी कोण बनवणार आणि ती रात्री हरवली तर फोन कुणाला करायचा, हेही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

इतर पालकांसाठी थोडं. दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशननंतर नाकपुडी लहान राहिली असेल तर हिशेब वेगळा आहे. तिथे नाकाचा पडदा वाकडा असतो आणि खालचं हाड कमी असतं, ते हाड साधारण आठ ते अकराव्या वर्षी भरतात आणि त्यानंतर नाकाचं चित्र बदलतं. जन्मल्यापासूनच दोन्ही बाजूंनी श्वास घेता येत नसेल तर ते हाडाचं अरुंदपण असू शकतं, आणि तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्याने ती तातडीची बाब आहे. मुलाने घड्याळाचा किंवा खेळण्याचा बटन-सेल नाकात घातला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, काही तासांत तो आतून जाळतो.

खर्चाबद्दल तुम्ही संकोचून विचारलं आहे. संकोच नको. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून, या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत आणि भाजलेली मुलं तिथे सतत येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, रेशनकार्ड आणि आधार दाखवून तारीख घेण्याआधी विचारा. नळीचे पैसे त्यात येतात का हे वेगळं विचारा, ते बहुतेक जण विसरतात.

दाखवायला जाताना भाजल्या वेळचे कागद आणि मोबाइलमधले जुने फोटो घेऊन जा. आजपासून दर पंधरा दिवसांनी एक फोटो काढत राहा: मुलगी मान मागे टाकून बसलेली, मोबाइल हनुवटीच्या खाली, उजेड खिडकीचा, दोन्ही नाकपुड्या एका चौकटीत. नाकपुडी अजून आकसते आहे की थांबली आहे, हे मला त्या ओळीने लावलेल्या फोटोंवरून पाच मिनिटांत कळतं, आणि तारीख कधीची द्यायची हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.